कपाटातली शिंक

त्या संध्याकाळी काटेसाहेबांची बायको हसली, आणि तिथून सगळं बिघडलं.

आता बायको हसली यात बिघडण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण ती काटेसाहेबांकडे बघून हसली नव्हती. ती मोबाइलकडे बघून हसली होती. तेही साधंसुधं नाही! सोफ्याच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन, उशी तोंडावर दाबून, खांदे गदागदा हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे निरीक्षक होते. बाजारात कुठल्या दुकानाचा काटा खरा आणि कुठला खोटा हे तपासायचं, खऱ्याला तारेने बांधून शिशाचं सील मारायचं आणि खोट्याच्या मालकाला घाम फोडायचा, हे त्यांचं काम. म्हणून अख्खी इमारत त्यांना काटेसाहेब म्हणायची. त्यांची बायको ग्रंथपाल. दिवसभर लोकांना ‘शूऽऽ’ म्हणायचा तिला पगार मिळत असे. अशी बाई घरी येऊन खळखळून हसत असेल तर त्या हसण्याला केवढी किंमत असेल, विचार करा!

आणि दुःख वेगळंच होतं. हे हसू फुटायच्या अगदी थोडा वेळ आधी काटेसाहेबांनी स्वतः तिला एक किस्सा सांगितला होता. धान्याच्या एका दुकानदाराने पारड्याखाली लोहचुंबक चिकटवलं होतं. साहेब खाली वाकून बघायला गेले, तर त्यांच्याच पँटच्या खिशातला किल्ल्यांचा जुडगा त्या चुंबकाला जाऊन चिकटला. साहेब पारड्याला लटकलेले, दुकानदार साहेबांना ओढतोय, आणि मागचं गिऱ्हाईक म्हणतंय, “साहेबांना नंतर सोडवा, आधी माझी डाळ द्या!” हा किस्सा त्यांनी हातवारे करून, दुकानदाराचा आवाज काढून, दोनदा खाली वाकून सांगितला होता.

बायको हातातल्या मोबाइलवरची नजर न हलवता म्हणाली होती, “हं.”

काटेसाहेबांनी आयुष्यभर वजनं तोलली होती. त्या ‘हं’चं वजन त्यांनी तिथल्या तिथे केलं. भरलं काहीच नाही.

आणि आता हे उशीत तोंड खुपसून हसणं! काटेसाहेब सोफ्याभोवती एक चक्कर मारून आले. बायकोने पटकन मोबाइल उलटा केला. उलटा! साहेबांच्या छातीत काहीतरी कचकन चावलं. म्हणावंसं वाटलं, कोण आहे ते, जे तुला माझ्यापेक्षा जास्त हसवतं? पण पिकल्या केसांचा माणूस असं बोलतो का कुठे? म्हणून तोंडाला येईल ते बोलून गेले.

“मान दुखेल अशाने.”

बस. एवढ्या तीन शब्दांवर पुढचं सगळं रामायण उभं राहिलं.

*

आधी त्यांनी गुपचूप चौकशी केली. त्यांची मुलगी दहावीत होती आणि सतत काहीतरी कुरतडत असायची, म्हणून तिला सगळे खारूताई म्हणत. ती पेन्सिलीचं टोक कुरतडत बीजगणित सोडवत होती.

“खारू, आई मोबाइलवर कुणाशी एवढी हसते गं?”

“मावशीशी.”

“मावशी असं काय सांगते?”

“बाबा, दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावणं वाईट असतं. तुम्हीच शिकवलंत ना?”

शिकवलं होतं. नको तेव्हा शिकवलं होतं.

म्हणजे मेहुणी! जगात लोकांना परपुरुषाचा मत्सर वाटतो, आणि आपल्याला वाटावा तो मेहुणीचा? परपुरुषाचा तरी रुबाबदार मत्सर असतो. ही मेहुणी तर विनोद सांगताना शेवट आधी सांगून टाकायची आणि मग म्हणायची, “थांबा हं, सुरुवात विसरले.” आणि अशा बाईला ते हसू, आणि आपल्याला ‘हं’? काटेसाहेबांना दुसरं काही नको होतं. ते हसू एकदा तरी आपल्या समोर, आपल्या बोलण्यावर फुटावं, एवढंच हवं होतं. पण हे सांगायचं कसं? मत्सर उघड बोलून दाखवता येत नाही. आरोग्य बोलून दाखवता येतं.

अभ्यास केल्याशिवाय धाड घालायची नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम. मोबाइलने तब्येतीला काय होतं याचा त्यांनी अभ्यास सुरू केला. कुठे? मोबाइलवर. रोज संध्याकाळी गॅलरीतल्या खुर्चीत, हनुवटी छातीला टेकवून, अंगठ्याने सरकवत सरकवत ते वाचू लागले. मान अवघडते. अंगठा सुजतो. डोळे कोरडे पडतात. झोप उडते. लहरी निघतात. लहरींनी काय होतं यावर प्रत्येक जण वेगळंच सांगत होता, त्यामुळे साहेबांना सगळ्यात जास्त भीती लहरींची वाटली. माणूस जे कळत नाही त्यालाच घाबरतो, हे आमचं भूमितीचं पुस्तकही सांगेल.

बायकोला पेचात पकडायला सुरू केलेल्या या अभ्यासाने झालं असं, की साहेब स्वतःच खरोखर घाबरले. आणि अभ्यास संपेपर्यंत त्यांची मान उजवीकडे वळायची बंद झाली. उजवीकडे बघायचं तर अख्खा माणूस कपाटासारखा फिरवावा लागे. “झोपेत अवघडली,” असं ते सगळ्यांना सांगत. कुणी विचारलं नसलं तरी सांगत.

एके संध्याकाळी बायको मोबाइल घेऊन बसली आणि साहेब खारूताईच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन तिच्या मानेशी आले.

“हलू नकोस.”

“अहो, काय करताय?”

“तुझ्या मानेचा कोन घेतोय.”

“बाबा, तो उलटा धरलाय,” खारूताई पेन्सिलीआडून म्हणाली.

साहेबांनी कोनमापक सुलटा केला. “पंचेचाळीस अंश! अगं, माणसाचं डोकं सरळ असताना साधारण पाच किलो. ते असं पुढे झुकलं की मानेला त्याच पाचाचे वीस वाटतात. म्हणजे हा सरळ सरळ खोटा काटा आहे. माझ्या घरात! माझ्या नाकासमोर! एखाद्या दुकानात सापडला असता तर मी जप्त केला असता.”

बायकोच्या गालाचा एक स्नायू जरासा हलला. तिने मोबाइल किंचित वर धरला, ओठ मिटून घेतले आणि म्हणाली, “हं.”

पुन्हा ‘हं’! साहेबांनी कोनमापक टेबलावर आपटला. तो प्लास्टिकचा होता, त्यामुळे आवाजही धड झाला नाही.

*

जप्तीचा विचार मात्र डोक्यातून जाईना. साहेबांच्या कार्यालयातून मोडीत काढलेलं एक लोखंडी कपाट त्यांच्या घरी आलेलं होतं. पूर्वी त्यात तपासणीची वजनं असत, आता छत्र्या असत. साहेबांनी छत्र्या काढल्या आणि नियम जाहीर केला. संध्याकाळी जेवणं झाली की झोपेपर्यंत सगळ्यांचे मोबाइल कपाटात. त्यांनी एक छोटं भाषणही तयार केलं होतं. बायको चिडणार, वाद घालणार, तेव्हा ते ठोकून द्यायचं.

“चांगली कल्पना आहे,” बायको म्हणाली आणि मोबाइल कपाटात ठेवूनही आली.

भाषण तसंच राहिलं. साहेब हात चोळत सोफ्यावर बसले. आता ही रिकामी. आता हिला माझ्याकडे बघावंच लागणार. त्यांनी घसा खाकरला. तोवर बायकोने कादंबरी उघडली होती. कुठल्याशा पानावर ती गालातल्या गालात हसलीसुद्धा. आता पुस्तकाने डोळे बिघडतात म्हणावं, तर समोर ग्रंथपाल! काटेसाहेब मनात म्हणाले, या घरात मी सोडून प्रत्येक वस्तू विनोदी आहे.

ही बातमी दुसऱ्याच दिवशी इमारतभर झाली. वरच्या मजल्यावरच्या शिवणकाकू, ज्यांच्या गळ्यात मापाची टेप आणि कमरेला कात्री कायम लटकलेली असे, त्या दोन्ही मुलांचे मोबाइल घेऊन दारात उभ्या.

“काटेसाहेब, आमचेही ठेवा. माझं कोण ऐकतंय? तुम्हाला घाबरतात ती. आणि मी काय म्हणते, कपाटात तांब्याचा पत्रा घाला. लहरी पितो तो.”

“कोण म्हणालं?”

“मोबाइलवर आलं होतं.”

त्यांच्या मागे चपलांचे दुकानदार. “पत्र्याने काही होत नाही हो. रबरी चप्पल घालून बोलायचं. लहरी पायातून बाहेर जात नाहीत. की आत येत नाहीत? थांबा, नक्की कुठलं ते आठवून सांगतो. पण चप्पल रबरीच हवी. दुकानात आहे.”

“मी बाई फोन नेहमी उजव्या हाताने डाव्या कानाला लावते,” शिवणकाकू म्हणाल्या. “हृदयापासून लांब.”

“काकू, हृदय डावीकडेच असतं,” खारूताई म्हणाली.

शिवणकाकूंनी छातीवर हात ठेवला, टेपने मनातल्या मनात अंतर मोजलं आणि मटकन खुर्चीत बसल्या. त्यांना पाणी द्यावं लागलं.

आठवड्याभरात अर्ध्या इमारतीचे मोबाइल काटेसाहेबांच्या कपाटात मुक्कामाला येऊ लागले. आधी साहेबांना भारी वाटलं. लोक जिन्यात थांबून सल्ला विचारत. पण संध्याकाळ झाली की कपाटातून जे सुरू होई ते विचारू नका! कुणाचा फोन भोंगा वाजवतोय, कुणाचा कोकलतोय, कुणाचा नुसताच थरथरतोय, आणि लोखंडी फळीवर थरथरणारा मोबाइल म्हणजे दाढदुखीच! कुठला कुणाचा हे बघायला साहेब कपाटाला चिकटून बसलेले. लहरींपासून कुटुंबाला वाचवायला निघालेला माणूस रोज संध्याकाळी गावभरच्या लहरी मांडीवर घेऊन बसू लागला. आणि बायको? ती शिवणकाकूंकडे बाह्यांची मापं द्यायला जाऊन बसत असे. वरून दोघींच्या हसण्याचा आवाज येई.

मग अध्यक्ष आले. इमारतीचे अध्यक्ष म्हणजे नियमांचं चालतंबोलतं पुस्तक. ते दारातूनच कपाटाकडे बघून म्हणाले, “काटेसाहेब, राहत्या घरात परक्यांचा माल साठवता येत नाही. हे गोदाम झालं. कपाट तळमजल्याच्या सभागृहात हलवायला हवं. रीतसर अर्ज द्या.”

“कुणाकडे?”

“माझ्याकडे.”

“मग घ्या ना, आत्ता लिहून देतो.”

“आत्ता मी शेजारी म्हणून आलोय. अध्यक्ष म्हणून मी रविवारी असतो.”

रविवारी अर्ज दिला. अध्यक्षांनी तो वाचला आणि कपाटाची उंची लिहिली नाही म्हणून परत केला. दुसऱ्या रविवारी उंची लिहून दिला, तर म्हणाले, सभागृहातल्या वस्तूवर कुणाचीही खाजगी मालकी चालत नाही, तेव्हा आधी कपाट इमारतीला भेट द्या. काटेसाहेबांनी कपाट भेट दिलं. अध्यक्षांनी भेट स्वीकारली आणि त्याच दमात सांगितलं, की आता ते इमारतीचं झालं, त्यामुळे काटेसाहेबांना ते वापरायचं असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज लागेल.

शेवटी कपाट खाली गेलं. पण कुलूप पुरेना. “एकच मिनिट हो, मुलाची परीक्षा आहे,” “एकच मिनिट, चुलत्याला बरं नाही,” असं करत जो तो किल्ली मागे. चपलांचे दुकानदार तर कुलूप उचकटून हात घालताना सापडले. मग मात्र साहेबांमधला निरीक्षक जागा झाला. त्यांनी घरातली जुनी, झिजलेली पक्कड काढली, तार काढली, शिशाचे गोळे काढले. कपाटाच्या कडीतून तार ओवून त्यांनी सील मारलं. कच्च! दुकानाच्या काट्याला मारतात तसं.

“सील म्हणजे सील,” ते जाहीर करून मोकळे झाले. “दोन साक्षीदार आणि योग्य कारण असल्याशिवाय ते वेळेआधी तोडता येत नाही. माझ्या अख्ख्या नोकरीत मी एकही सील विनाकारण तोडलेलं नाही.”

*

अध्यक्षांनी ठरवलं, एवढं झालंच आहे तर समारंभ करावा. सगळ्यांनी मोबाइल कपाटात ठेवायचे, सगळ्यांसमोर सील मारायचं, आणि मग आरोग्यावर व्याख्यान. काटेसाहेबांचे डोळे चमकले. भाषण तयारच होतं! सभागृहात पहिल्या रांगेत बायको बसणार. हातात मोबाइल नाही, पुस्तक नाही, उशी नाही. समोर फक्त काटेसाहेब. त्यांनी चुंबकाचा किस्साही भाषणात घातला. यावेळी हसली नाही तर... पण हसेलच की!

“व्याख्यानाला डॉक्टर हवा,” अध्यक्ष म्हणाले. “तुम्ही आभार माना.”

इमारतीत एकच डॉक्टर होते. ते गुरांचे डॉक्टर होते.

“चालेल,” अध्यक्ष म्हणाले. “नियमात फक्त ‘डॉक्टर’ लिहिलंय. कुणाचे ते लिहिलेलं नाही.”

समारंभाला सभागृह भरलं. मोबाइल कपाटात गेले, सील कच्चकन बसलं, टाळ्या पडल्या. काटेसाहेब कपाटाच्या शेजारी राखणदारासारखे उभे राहिले. कपाट नेमकं त्यांच्या उजवीकडे होतं, म्हणजे त्यांना ते दिसत नव्हतं. बायको पहिल्या रांगेत, शेजारी खारूताई. गुरांचे डॉक्टर उठले. उंच, सावळे, हसरे. साहेबांना ते तिथल्या तिथे आवडेनासे झाले.

“मंडळी,” डॉक्टर म्हणाले, “दिवसभर मान खाली घालून राहायला गाईची बांधणी केलेली आहे. तिची मान बघा, खांदे बघा. शिवाय ती खाली वाकते तेव्हा तिला निदान गवत मिळतं. तुम्हाला काय मिळतं?”

सभागृह हसलं. काटेसाहेबांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. बायको हसत होती! उघड, तोंडावर काहीही न दाबता, दात दिसतील अशी. एका गाईवर!

“लहरींचं विचाराल, तर घाबरण्यासारखं पक्कं काही अजून तरी हाती लागलेलं नाही,” डॉक्टर पुढे म्हणाले. “शास्त्रज्ञ शोधतायत, त्यांना शोधू द्या. पण मान अवघडते, डोळे थकतात, उशाशी मोबाइल घेऊन झोपणाऱ्याची झोप मोडते. आणि रस्ता ओलांडताना त्यात बघणारा माणूस तर बैलापेक्षा मूर्ख. बैल निदान गाडी आली की वर बघतो. मला कुणाची मान तपासायची झाली तर मी आधी त्याला उजवीकडे बघायला सांगतो. काटेसाहेब, जरा दाखवा बरं सगळ्यांना.”

काटेसाहेबांनी उजवीकडे बघायला अख्खं अंग फिरवलं. कपाटाला समोरासमोर भेटले.

“हे बघा! हे असं होतं,” डॉक्टर म्हणाले. “धन्यवाद, काटेसाहेब.”

हशा! शिवणकाकूंना ठसका लागला. आणि त्या सगळ्या हशात काटेसाहेबांना एकच हसू ओळखू आलं. इतके आठवडे ज्याच्यासाठी कपाट ओढलं, अर्ज लिहिले, ते हसू हा माणूस उभ्या उभ्या फुकट घेऊन गेला. बरं, त्यांच्याच मानेवर! त्यांचे कान तापले. आता आभाराला उठायचं आणि चार शब्द असे सुनवायचे की...

तेवढ्यात काटेसाहेब शिंकले.

“आऽऽ... आऽऽऽ... हाक्छीऽऽ! माफी असावी!”

काटेसाहेबांची शिंक अख्ख्या इमारतीला पाठ होती. आधी दोनदा लांब श्वास, मग स्फोट, आणि लगेच कोर्टात उभं राहिल्यासारखं ‘माफी असावी’. लोकांनी सवयीने त्यांच्याकडे पाहिलं. शिवणकाकूंनी सवयीने रुमाल पुढे केला.

पण साहेबांचं तोंड घट्ट मिटलेलं होतं.

“आऽऽ... आऽऽऽ... हाक्छीऽऽ! माफी असावी!”

शिंक कपाटातून येत होती.

सगळ्यांच्या माना एकदम कपाटाकडे वळल्या. गुरांचे डॉक्टर साहेबांकडे बघत होते, मग कपाटाकडे, मग पुन्हा साहेबांकडे. “काटेसाहेब,” ते हळूच म्हणाले, “तुम्ही इथे आणि शिंक तिथे? माझ्या व्यवसायात असं काही पाहिलं नाही.”

“हाक्छीऽऽ! माफी असावी!” कपाट म्हणालं. लोखंडाच्या आत ती आणखीच घुमत होती.

बायको खुर्चीत हळूहळू खाली सरकत होती. लाल, लालेलाल. खारूताईने स्वतःची अख्खी वेणी तोंडात घातली होती. आणि काटेसाहेबांना हळूहळू समजलं. तो बायकोचा मोबाइल होता. त्यांच्या बायकोच्या मोबाइलमध्ये कुणाचा तरी फोन आला की त्यांची शिंक वाजत होती. एरवी घरी ती आवाज बंद ठेवत असणार, आज गडबडीत विसरली होती.

“उघडा ते,” अध्यक्ष म्हणाले.

“सील आहे,” काटेसाहेब म्हणाले. त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. “साक्षीदार लागतील.”

“हे काय बसलेत साक्षीदार. इमारतभर. कारण सांगा, मी इतिवृत्तात लिहून घेतो.”

काटेसाहेबांनी विचार केला. सुरक्षेसाठी म्हणावं? दुरुस्तीसाठी? आत ते पुन्हा शिंकत होते. पुन्हा माफी मागत होते. त्यांना आठवलं, मोबाइल उलटा करणारी बायको. वर धरलेला मोबाइल. ओठ मिटून म्हटलेलं ‘हं’.

“कारण?” अध्यक्षांनी पेन सरसावलं.

“वैयक्तिक,” काटेसाहेब म्हणाले. मग अख्खं अंग फिरवून त्यांनी शिवणकाकूंसमोर हात पसरला. “काकू, कात्री.”

तार तुटली. त्यांच्या अख्ख्या नोकरीत असं सील तुटलं नव्हतं. मोबाइलवर मेहुणीचं नाव आणि मेहुणीचा फोटो. गडबडीत त्यांचा सुजलेला अंगठा भलतीकडेच पडला आणि मेहुणीचा आवाज सभागृहभर घुमला.

“अगं आहेस कुठे? आज काही पाठवलं नाहीस ते! इथे सगळे वाट बघत बसलोय. कालचा तो अर्जाचा भाग काय झाला गं, आमचे हे हसता हसता खुर्चीवरून पडले! आणि सासूबाई तो कोनमापकाचा भाग रोज लावायला सांगतात. आज भावोजींनी काय केलं? हॅलो? बोल ना!”

“आज भावोजींनी सील तोडलं,” काटेसाहेब म्हणाले आणि फोन बंद केला.

आभारप्रदर्शन झालं नाही.

*

घरी आल्यावर कुणी दिवाही लावेना. खारूताईने अंधारातच बीजगणिताची वही उघडली आणि पहिल्यांदाच मनापासून उघडली. काटेसाहेब सोफ्याच्या टोकावर बसले. अंगातला कोट काढायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

“म्हणजे तिकडे सगळे माझ्यावर हसतात,” ते म्हणाले.

“तुमच्यावर नाही हो. तुमच्यामुळे.”

“आणि इथे मी सांगितलं की ‘हं’!”

बायको त्यांच्याशेजारी येऊन बसली. “आठवतं का, माझ्या भावाच्या लग्नात तुम्ही तो माप चोरणाऱ्या दूधवाल्याचा किस्सा सांगितला होतात? मी चारचौघांत हसत सुटले. तुम्हाला वाटलं, मी तुमची टर उडवली. लग्न संपेपर्यंत बोलला नाहीत माझ्याशी. फोटोत बघा, तुम्ही कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे आहात.”

“उजेड डोळ्यांवर येत होता.”

“हो का? तेव्हापासून मी समोर हसायचं सोडलं. तुम्ही बोलता ते मोबाइलवर भरून ठेवते, मग नंतर आवाज बंद करून एकटीच बघते. ताईलाही पाठवायला लागले. चुकलंच ते. तुम्हाला विचारायला हवं होतं.”

काटेसाहेब म्हणाले, “दाखव.”

बायकोने मोबाइल टेबलावर ठेवला आणि एक बटण दाबलं. पारडं, चुंबक, किल्ल्यांचा जुडगा. साहेबांनी आपलाच आवाज ऐकला. हा माणूस सांगतो बरं! दुकानदाराचा आवाज तर हुबेहूब. गिऱ्हाईक डाळ मागतं तिथे साहेबांच्या मिशीत काहीतरी हललं. आणि क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांना मोबाइलमधल्या त्या माणसाचाही हेवा वाटला. तो रोज बायकोच्या उशीशी बसत होता.

शेवटी मोबाइलमधून आवाज आला, “हं.”

“हे!” साहेब उसळले. “हे काय आहे? एवढं चांगलं सांगितल्यावर हे?”

“अहो, भरून घेत होते ना. हसले असते तर माझाच आवाज आला असता त्यात. किस्सा खराब झाला असता. तुम्हाला माहीत आहे का तो ‘हं’ काढायला मला किती कष्ट पडतात? मी जीभ चावून ठेवते हो. कोनमापकाच्या वेळी तर रक्त आलं.”

काटेसाहेबांनी त्या ‘हं’चं वजन पुन्हा एकदा केलं. पहिलं माप साफ चुकलं होतं. पारडं जमिनीला टेकलं.

ते उठले. कोट काढला, दिवा लावला, खोलीच्या मधोमध उभे राहिले. “पण तू ते पहिल्या रांगेतून पाहिलंस,” ते म्हणाले. “माझ्या बाजूने काय झालं ते तुला माहीतच नाही. मी उभा. मान ही अशी. तो गुरांचा डॉक्टर म्हणतो, उजवीकडे बघा. मी निघालो उजवीकडे...” आणि ते पावलं टाकत अख्खे वळू लागले. मग मध्येच थांबले.

बायको हात मांडीवर ठेवून नुसती ऐकत होती. मोबाइल टेबलावर तसाच पडला होता.

“उचल की,” साहेब म्हणाले.

“आणि मान? डोळे? अंगठा?”

“पाठ टेकून बस. मान सरळ. आणि जरा वर धर तो. खालून धरलास की माझी हनुवटी दुहेरी दिसते.” त्यांनी मिशीवरून हात फिरवला, घसा खाकरला, आणि सभागृहात राहिलेलं सगळं भाषण त्यांच्या चेहऱ्यावर परत आलं. “हं, सुरू कर. तर मी उभा. मान ही अशी. आणि कपाटात मी शिंकतोय...”

बायकोने जीभ चावून धरायचा प्रयत्न केला. नाहीच जमलं. तिने उशी शोधली, तर उशीवर खारूताई तोंड खुपसून आधीच लोळत होती. मग ती हसली. त्यांच्याकडे बघून, दात दाखवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिच्या हातातला मोबाइल गदागदा हलत राहिला.

सगळं रेकॉर्डिंग वाया गेलं. काटेसाहेबांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

त्यांची काही हरकत नव्हती.